भुरीवर औषधाचा रिझल्ट का येईना?

जानेवारीच्या शेवटी मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. खरबुजाचं पान उलटं करून धरलेलं, आणि त्यावर कणीक भुरभुरल्यासारखे पांढरे गोल डाग. खाली एकच ओळ: "चौथा स्प्रे झाला. आता काय मारू?"

फोन केला तर मामा वैतागलेले. पहिल्या फवारणीनंतर पानं लख्ख झाली होती. दुसऱ्यानंतरही तक्रार नव्हती. तिसरीला जरा कुरकुर झाली आणि चौथी अक्षरशः पाण्यात गेली. "बरं, एकच औषध धरून बसलोय असंही नाही रे. दर खेपेला दुकानातून वेगळी बाटली आणली. हल्ली औषधं डुप्लिकेट येतात का?"

येतातही. पण मामांच्या प्लॉटमध्ये जे घडलं त्यासाठी डुप्लिकेट औषधाची गरज नव्हती. शंभर टक्के अस्सल औषधानेही हेच झालं असतं. काकडी, कलिंगड, खरबूज, दोडका, भोपळा असं कुठलंही वेलवर्गीय पीक घेणाऱ्याने हे एकदा नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख.

आधी भुरीची ओळख

भुरी ही बुरशी आहे आणि ती जिवंत पानावरच जगते. वेलवर्गीय पिकांवर आपल्याकडच्यासारख्या उष्ण भागांत बहुतेकदा जी सापडते तिचं शास्त्रीय नाव पोडोस्फेरा झँथी. ती पानाच्या आत घुसून बसत नाही, वरच पसरते आणि पानाच्या कातडीत बारीक शोषक मुळं खुपसून रस पिते. म्हणूनच सुरुवातीला बोटाने पुसली तर निघते.

बाकीच्या बुरशींना रुजायला पानावर पाणी लागतं. हिला लागत नाही, उलट पानावर साचलेलं पाणी तिला मानवत नाही. हवेत दमटपणा असला की पुरे. त्यामुळे पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला ती हटकून गाठते. वेल दाटले, खालच्या पानांना सावली मिळाली, रात्री गार आणि दिवस कोरडे असले की तिचं फावतं. बीज पानावर पडल्यापासून तीन ते सात दिवसांत पांढरा डाग दिसतो आणि त्या एका डागातून हजारो नवी बीजं वाऱ्यावर निघतात. बीज म्हणजे बुरशीची बी, शास्त्राच्या भाषेत बीजाणू. हा आठवड्याचा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गल्लत इथेच मिटवू. पानावर वरून पिवळे कोनाकोनांचे ठिपके आणि खाली राखाडी-जांभळट लव दिसली तर तो केवडा. त्याचा जीव वेगळा, त्याची औषधंही वेगळी. मेटॅलॅक्झिल किंवा सायमोक्झॅनिल केवड्यासाठी असतं. ते भुरीवर मारून "रिझल्ट नाही" म्हणणं म्हणजे तापाची गोळी घेऊन खरूज जात नाही म्हणण्यासारखं.

औषध भुरीचं नेमकं काय बिघडवतं?

बुरशीनाशकं ढोबळमानाने दोन जातींची. एक जात दांडपट्ट्यासारखी, समोर येईल त्यावर वार. गंधक, म्हणजे आपलं सल्फर, या जातीतलं. ते बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी बिघाड करतं.

दुसरी जात आधुनिक. ती नेम धरून एकाच जागी मारते. उदाहरणार्थ अझॉक्सिस्ट्रॉबिन. बुरशीच्या पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा असते, तिच्या एका भागाच्या खाचेत हे औषध जाऊन बसतं आणि यंत्रणा बंद पडते. स्टार्टरमधली एक पिन काढली की मोटार बंद, तसं. ही औषधं कमी प्रमाणात पुरतात, पानात थोडी मुरतात आणि सुरुवातीला जादूसारखी चालतात.

दुबळेपणाही त्यातच आहे. यंत्रणेचा तो भाग म्हणजे एक प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. या माळेतला १४३ वा मणी ग्लायसिन नावाचा असतो. लाखो बीजांतल्या एखाद्यात निसर्गाच्या चुकीने तिथे ॲलॅनिन नावाचा मणी ओवला जातो. दोन्ही मण्यांत फरक किरकोळ, पण तेवढ्याने खाचेचा आकार बदलतो. औषध तिथे बसत नाही, यंत्रणा मात्र चालू राहते. एवढासा बदल झालेल्या भुरीला ते औषध पाण्यासारखं. यालाच बुरशीनाशकाला आलेला प्रतिकार म्हणतात.

सल्फरपासून असं निसटायचं तर बुरशीला एकाच वेळी अनेक ठिकाणी बदलावं लागेल. म्हणून द्राक्षाच्या भुरीवर १८५० च्या दशकापासून वापरात असलेलं सल्फर आजही चालतं.

भुरी औषधाला "सरावते" का?

आपण सहज म्हणतो, भुरी औषधाला सरावली. शब्द चुकीचा आहे, आणि त्याने विचारही चुकतो. दारुड्याला दारू सरावते तशी एकेक बुरशी औषध पिऊन पिऊन घट्ट होत नाही. जी मरायची ती मरतेच. जी आधीपासून वेगळी होती ती उरते.

ज्वारीचं घरचं बियाणं राखताना काय करतात? उभ्या पिकात फिरून मनासारखी कणसं हेरायची, ती बाजूला काढायची, बाकीची मळायची. पुढच्या वर्षीचं पीक त्या निवडक कणसांचं. फवारणी करताना आपण भुरीचं नेमकं हेच करत असतो. फरक इतकाच की ज्वारीत आपण हवं ते राखतो, आणि भुरीत नको ते राखलं जातं.

आकड्यांत पाहू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. प्लॉटमध्ये भुरीची १० लाख बीजं आहेत आणि त्यांत फक्त १० जणांचा तो मणी बदललेला आहे. औषध साध्या भुरीतली ९९ टक्के मारतं.

पहिली फवारणी: साधी भुरी उरली १० हजार, बदललेली तीच १०. प्लॉट ९९ टक्के साफ. औषध एक नंबर.

आठवड्याभरात दोन्ही शंभरपट वाढल्या. साधी पुन्हा १० लाख, बदललेली १ हजार. दुसरी फवारणी: साधी १० हजार, बदललेली १ हजार. प्लॉट अजूनही जवळजवळ ९९ टक्के साफ. शेतकऱ्याला शंका यायचं कारणच नाही.

पुन्हा आठवडा. साधी १० लाख, बदललेली १ लाख. तिसरी फवारणी: साधी १० हजार उरली, पण बदललेली १ लाख जशीच्या तशी. "या वेळी जरा कमी रिझल्ट आला." मामांची कुरकुर ती हीच. उरलेल्या दर ११ बीजांतली १० आता औषधाला न जुमानणारी आहेत. चौथ्या फवारणीचं काय झालं ते मामांनी सांगितलंच आहे.

औषध अचानक फेल गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. निवड पहिल्या दिवसापासून चालू असते, दिसते मात्र शेवटच्या आठवड्यात.

हे आपल्याकडचंच, की सगळीकडचं?

वेलवर्गीय पिकांची भुरी या बाबतीत जगभर बदनाम आहे. नेदरलँड्समधल्या काचघरांतल्या काकडीसाठी डायमेथिरिमोल नावाचं औषध १९६८ मध्ये आलं. १९७० पर्यंत ते तिथे इतकं निकामी झालं की त्या देशात मागे घ्यावं लागलं. बेनोमिलला न जुमानणाऱ्या वेलवर्गीय भुरीची नोंद अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातून १९६९ मध्ये छापून आली. बेनोमिलच्याच कुळातलं कार्बेन्डॅझिम आपल्याकडे अजूनही सर्रास मिळतं.

पुढे स्ट्रॉबिन कुळातली औषधं आली. त्यांची जन्मकथा मला फार आवडते. पाइनच्या गळून पडलेल्या बोंडांवर एक चिमुकली अळंबी उगवते. आपल्या बोंडावर दुसऱ्या बुरशीने हक्क सांगू नये म्हणून ती एक द्रव्य तयार करते. शास्त्रज्ञांनी ते हेरलं, त्याच धर्तीवर जास्त टिकाऊ औषधं बनवली आणि १९९६ मध्ये ती बाजारात आली. १९९९ पर्यंत जपानमध्ये आणि दक्षिण युरोपात वेलवर्गीय भुरीने त्यांनाही चकवा दिला होता. जेमतेम तीन वर्षं.

महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत हाच प्रकार केवड्याच्या बाबतीत स्ट्रॉबिन औषधांना झाल्याची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पीक वेगळं, रोग वेगळा, चाल तीच.

"पण मी तर औषधं बदलून बदलून मारली!"

मामांचा सगळ्यात जोरदार मुद्दा हाच होता. मी म्हटलं, बाटल्यांचे फोटो पाठवा. पुढचे नकोत, पाठीमागची बारीक अक्षरं.

तीन बाटल्या होत्या, तीन कंपन्यांच्या, तीन दिमाखदार नावांच्या. पहिलीत नुसतं अझॉक्सिस्ट्रॉबिन. दुसरीत अझॉक्सिस्ट्रॉबिन अधिक डायफेनोकोनॅझोल. तिसरीत ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन अधिक टेब्युकोनॅझोल. चौथ्या फवारणीला पहिल्याच बाटलीतलं उरलेलं वापरलं होतं.

म्हणजे मामांनी चार फवारण्यांत बाटली बदलली, कंपनी बदलली, पण स्ट्रॉबिन चारही वेळा पडलं. नावं बदलली तरी घराणं तेच. अझॉक्सिस्ट्रॉबिन ज्या खाचेत बसतं त्याच खाचेत ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन बसतं. एकाला चकवणारी भुरी दुसऱ्याला आपोआप चकवते.

औषधांनाही आडनाव असतं असं समजा. शेवटी 'स्ट्रॉबिन' आलं की एक घराणं. 'कोनॅझोल' आलं की दुसरं: हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, पेनकोनॅझोल वगैरे. काही जण आडनाव लावत नाहीत, तिथे फसगत होते. क्रेसॉक्सिम मिथाइल हे स्ट्रॉबिनांचंच भावंड, आणि मायक्लोब्युटॅनिल कोनॅझोलांच्या घरातलं.

ही आडनावं पाठ करायची गरज नाही. १९८१ पासून काम करणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिला थोडक्यात फ्रॅक म्हणतात. तिने प्रत्येक घराण्याला नंबर दिलाय. कार्बेन्डॅझिम आणि थायोफेनेट मिथाइल १ नंबर, कोनॅझोल मंडळी ३, स्ट्रॉबिन ११, बॉस्कालिड आणि फ्लुओपायरमचं घराणं ७, मेट्राफेनोन ५०. सल्फर 'एम ०२', त्यातला एम म्हणजे अनेक ठिकाणी वार करणारं. लेबलवर नंबर नसेल तर घटकाचं नाव आणि 'फ्रॅक ग्रुप' असं मोबाइलवर शोधलं की मिळतो. औषध बदलणं म्हणजे हा नंबर बदलणं.

बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण मात्र या नंबराशी जोडू नका. तो माणसाला ते औषध किती विषारी आहे हे सांगतो. भुरीचा आणि त्या रंगाचा काही संबंध नाही.

"दोन औषधांचं मिश्रण होतं ना, मग?"

मिश्रणाची कल्पना चांगली आहे. एकातून सुटलेली बुरशी दुसऱ्याने मारावी. पण त्यासाठी दोन्ही औषधं त्या रोगावर चालायला हवीत. भुरीने स्ट्रॉबिनला आधीच चकवलं असेल, तर मामांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीत काम एकटं कोनॅझोल करत होतं. पैसे दोघांचे, राबतोय एक. आणि एकट्याने राबणाऱ्यावर निवडीचा ताण येतोच. कोनॅझोलच्या बाबतीत प्रतिकार असा एका झटक्यात येत नाही, पायरीपायरीने चढतो. आधी दहा दिवस पुरणारी फवारणी सातच दिवस पुरते, मग पाच.

"डोस वाढवला तर?"

दुकानात मिळणारा सगळ्यात सोपा सल्ला हाच. मण्याचा बदल झालेल्या भुरीवर तो कुचकामी आहे. कुलूपच बदललंय, जुनी किल्ली जोरात फिरवून काय होणार? कोनॅझोलच्या पायरीपायरीच्या प्रतिकारात जास्त डोसने थोडा फरक दिसू शकतो, पण लेबलपेक्षा जास्त मारलं तर वेलींच्या वाढीवर परिणाम होतो आणि फळात अंश राहण्याची भीती वेगळीच. काकडी आपण सालासकट खातो. डोस लेबलवरचाच, कमीही नको. आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते त्याच लेबलवर लिहिलेलं असतं.

"कशावरून प्रतिकारच? फवारणीच नीट झाली नसेल"

अगदी रास्त शंका, आणि आधी हीच तपासावी. भुरी पानाच्या खालच्या बाजूला आणि झाकलेल्या जुन्या पानांवर मुरते. पंपाचा नोझल वरून फिरवला तर तिथे थेंब पोचत नाही. फवारल्यावर लगेच आतली दहा पानं उलटून पाहा, ओली आहेत का. कोरडी असतील तर भुरीला दोष देऊ नका.

पानं ओली होऊनही भुरी वाढत असेल तर एक घरगुती चाचणी करा. प्लॉटच्या कडेच्या तीन-चार ठिकाणी काड्या रोवा. एका जागच्या वेलांवर नुसतं पाणी, दुसऱ्या जागी फक्त ११ नंबर, तिसऱ्या जागी फक्त ३ नंबर, चौथ्या जागी सल्फर. मिश्रण कुठेच नको. आठवड्याने पानं उलटा. ११ नंबरच्या आणि नुसत्या पाण्याच्या पानांत फरक दिसला नाही, तर उत्तर मिळालं. अमेरिकेत लाँग आयलंडवर कॉर्नेल विद्यापीठाच्या मार्गारेट मॅकग्रा यांनी वर्षानुवर्षं याच धर्तीवर काम केलं. भोपळ्याच्या रोपांवर वेगवेगळी औषधं फवारून ती शेतात ठेवायची आणि कुठल्या रोपावर भुरी चढते ते पाहायचं.

"भुरी न येणारं वाण लावलं की झालं!"

लावावंच. बरीच संकरित वाणं भुरीला बऱ्यापैकी तोंड देतात आणि फवारण्या वाचतात. पण त्याचीही एक गोष्ट आहे, आणि तिचं मूळ भारतात आहे.

कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीत १९२५ च्या सुमारास भुरीने खरबुजाची शेती उद्ध्वस्त करायला घेतली. तिथल्या संशोधकांना भुरीला दाद न देणारं खरबूज भारतातून गेलेल्या बियाण्यात सापडलं. त्यातून १९३६ मध्ये पीएमआर ४५ हे वाण आलं आणि शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. १९३८ मध्ये त्याच खोऱ्यात त्या वाणावरही चढणारी भुरी सापडली. औषधाने केली तीच निवड इथे वाणाने केली. म्हणून वाण चांगलं असलं तरी पानं उलटून पाहणं चालू ठेवायचं.

मग फवारायचं काय?

सुरुवात सल्फरने करावी, पहिला डाग दिसताच किंवा त्याच्याही आधी. ते पानावर राहून काम करतं, त्यामुळे भुरी माजल्यावर उपयोग कमी. आणि जपून: वेलवर्गीय पिकं सल्फरला हळवी, त्यातही काही खरबुजं जास्तच. पारा ३२-३५ अंशांच्या वर गेला की पानं भाजतात. म्हणजे जानेवारीत ते मित्र, एप्रिलच्या दुपारी शत्रू. तेलाच्या फवारणीच्या मागेपुढे दोन आठवडे तर नकोच. आधी चार वेलांवर मारून बघा.

एका नंबरचं औषध हंगामात एकदा, फार तर दोनदा, तेही लागोपाठ नाही. मधल्या फवारण्या सल्फरच्या, किंवा बॅसिलस सबटिलिस आणि ॲम्पेलोमायसिस यांसारख्या जैविकांच्या. ॲम्पेलोमायसिस ही भुरीवरच जगणारी बुरशी, चोरावर मोर. ही जैविकं भुरी कमी असताना चालतात. पान पांढरंफटक झाल्यावर त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. ७ नंबरचं किंवा कुठलंही नवं औषध हाती लागलं तर त्याचाच सपाटा लावायचा मोह आवरा. बॉस्कालिडला न जुमानणारी भुरी जपान आणि अमेरिकेत केव्हाच सापडली आहे.

दुधाबद्दल हमखास विचारलं जातं. थट्टेचा विषय नाही तो. ब्राझीलच्या वाग्नर बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये काचघरातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचे प्रयोग छापले. पाण्यात १० टक्के किंवा जास्त दूध घातलं की त्याचा परिणाम नेहमीच्या बुरशीनाशकाच्या तोडीचा दिसला. पण ते वारंवार फवारावं लागतं. परसातल्या दुधी-दोडक्याला जरूर करून बघा. पाच एकर खरबुजाला दुधाचा हिशोब ज्याचा त्याने मांडावा.

"काही वर्षं ते औषध बंद ठेवलं तर पुन्हा चालेल?" हा मामांचा शेवटचा प्रश्न. कोनॅझोलच्या बाबतीत थोडीफार आशा असते. स्ट्रॉबिनच्या बाबतीत फारशी नाही. मणी बदलल्याने भुरीचं काही अडत नाही, त्यामुळे औषध बंद झालं तरी ती बदललेली भुरी मागे पडत नाही. शिवाय बीज वाऱ्याने येतं. बांधापलीकडे काढणी संपलेला काकडीचा प्लॉट सोडून दिलेला असेल, तर तिथे निवडून तयार झालेली भुरी तुमच्या कोवळ्या वेलांवर उतरते. जुना प्लॉट वेळेवर उपटणं म्हणूनच औषधाइतकं मोलाचं.

मामांनी त्या हंगामात सल्फरवर आणि एका ५० नंबरच्या फवारणीवर निभावून नेलं. खालची पानं गेली. फळं निघाली, पण पानं जळाली की गोडी उतरते, ती उतरलीच. मार्चमध्ये गावी गेलो तेव्हा औषधाच्या खोलीत फळीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या झाकणावर मार्करने मोठा आकडा: ३, ७, ११. दोन झाकणांवर जागा पुरली नव्हती, तिथे एकाखाली एक दोन आकडे होते.

"११ वाल्या आता कोणाला देऊ?" मामांनी विचारलं.